मुकादमाचा नंबर: सीडीएमए-जीएसएमच्या भांडणात अडकलेला एक फोन

2009 च्या एप्रिलमध्ये साखर कारखान्यांचे पट्टे पडले, म्हणजे गाळप संपलं, आणि ऊसतोडीच्या टोळ्या गावाकडे परतायला लागल्या. अंबाजोगाईत बस स्टँडजवळ माझं मोबाईलचं दुकान होतं, विक्री आणि दुरुस्ती दोन्ही. एका दुपारी केज तालुक्यातले एक ऊसतोड मुकादम आले. त्यांना सगळे नानाच म्हणायचे. त्यांनी काउंटरवर फोन ठेवला, त्याच्या शेजारी कर्नाटकातलं एक सिमकार्ड ठेवलं आणि म्हणाले, "दादा, ह्यात हे कार्ड बसवून दे."

फोन मीच विकलेला होता. झाकण काढलं, बॅटरी उचलली. कार्डाला जागाच नव्हती. तो सीडीएमए सेट होता, मोबाईलच्या तेव्हाच्या दोन तंत्रांपैकी एकाचा; दुसरं तंत्र जीएसएम. त्यात नंबर कार्डावर नसतो, सेटातच भरलेला असतो. मी तसं सांगितलं. नाना थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "म्हंजे तूच लॉक करून दिला होतास व्हय?"

हे वाक्य मला फार लागलं. त्यामागे काय घडलं होतं ते त्यांनी नंतर सांगितलं. नानांची सोळा कोयत्यांची टोळी दिवाळीनंतर कर्नाटकात अथणीकडे गेली होती. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. म्हणजे बत्तीस माणसं आणि बरोबरची लेकरं, आणि या सगळ्यांचा गावाशी बोलायचा धागा एकच, नानांचा फोन. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागं तो नंबर ऑइलपेंटनं रंगवलेला होता. घरोघरी भिंतीवर कोळशानं लिहिलेला होता. पण फडात त्या कंपनीची रेंज नव्हती. बोलायचं तर डांबरी सडकेपर्यंत चालत जावं लागायचं. जानेवारीत टोळीतल्या एका पोराचा बाप गावी वारला. भाऊ दोन दिवस फोन लावत राहिला. निरोप पोचला तो एका ट्रक ड्रायव्हरच्या तोंडी, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी. पोराला बापाचं तोंड दिसलं नाही, राख सावडायलाही तो नव्हता. शेजारच्या कोप्यांतल्या दुसऱ्या टोळीकडे जीएसएमचे साधे सेट होते. त्यांनी तिथलंच एक कार्ड घेतलं आणि हंगामभर गावाशी बोलले. नानांनीही मोठ्या आशेनं कार्ड घेतलं, आणि हंगाम संपल्यावर ते माझ्यापुढं ठेवलं.

मी हे प्रकरण तेव्हापासून मनात धरून आहे. सेट मी विकला, पण लॉक मी केलं नव्हतं. मग कोणी केलं? उत्तर शोधता शोधता मी अंबाजोगाईच्या काउंटरवरून फार लांब जाऊन पोचलो.

लहरींचा दोष होता का?

पहिली शंका तंत्रावर येते. जीएसएमची रीत आपल्याकडच्या सामाईक विहिरीसारखी आहे. भावाभावांत पाळ्या ठरलेल्या असतात, ज्याची पाळी त्याची मोटर चालू. लहरींचा 200 किलोहर्ट्झचा एक पट्टा आणि त्याचे वेळेत पाडलेले आठ वाटे. प्रत्येकाची पाळी सेकंदाला सुमारे 217 वेळा येते, म्हणून बोलणाऱ्याला मध्ये खंड पडल्याचं कळतही नाही.

सीडीएमएची रीत आषाढीच्या वाटेवरची. पैठणहून नाथांची पालखी निघते तेव्हा एकाच रस्त्यावर अनेक दिंड्या चालतात, प्रत्येकीचा अभंग वेगळा, ताल वेगळा, आणि सगळ्या एकाच वेळी गातात. तरी आपला कान आपल्या दिंडीचा ताल धरून राहतो, बाकीचं सगळं गलबला होऊन मागं पडतं. इथे वेळेचे वाटे नाहीत. 1.25 मेगाहर्ट्झचा पट्टा सगळे एकदम वापरतात, प्रत्येकाला वेगळा सांकेतिक ताल दिलेला असतो. अडचण एकच. जवळच्या दिंडीनं भोंगा लावला तर लांबचा आवाज बुडतो. म्हणून टॉवर प्रत्येक फोनला सेकंदाला 800 वेळा सांगत राहतो, आवाज चढव, आवाज उतरव. ही गोष्ट साधली म्हणून सीडीएमए उभं राहिलं. ती साधणारच नाही असं म्हणणारे मोठमोठे अभियंते तेव्हा होते.

दुरुस्तीवाला म्हणून माझं मत सांगतो. बोलण्याची स्पष्टता आणि एका पट्ट्यात मावणारी माणसं पाहिली तर सीडीएमए कमी नव्हतं, उलट सरस होतं. नानांना फडात रेंज मिळाली नाही, कारण त्या भागात त्या कंपनीचा टॉवर नव्हता. टॉवर नसणं हा लहरींचा दोष नाही. खरा प्रश्न असा की ज्याचा टॉवर होता त्याचं कार्ड नानांना का वापरता आलं नाही.

इथे तंत्राची सबब सहज पुढं करता येते, कारण सीडीएमए सेटात जीएसएमचं कार्ड चालत नाही हे खरंच आहे. पण मी आणखी एक गोष्ट करून पाहिली. तेव्हा आपल्याकडे सीडीएमए चालवणाऱ्या कंपन्या एकापेक्षा जास्त होत्या. मी दुसऱ्या सीडीएमए कंपनीच्या वितरकाकडे गेलो आणि म्हणालो, तंत्र तेच, पट्टा तोच, हा सेट तुमच्याकडे चालू करून द्या. त्यानं नकार दिला. प्रत्येक सेटाला कारखान्यातून एक क्रमांक मिळालेला असतो, आणि कंपनीच्या यादीत ज्या सेटाचा क्रमांक, तोच सेट तिच्या टॉवरवर चालतो. बाहेरचा सेट यादीत घ्यायचा नाही, असा नियम. ज्या कंपनीचा सेट होता तिच्या कार्यालयातही मी दोन खेपा घातल्या. सेट सोडणार नाही, पैसे परत मिळणार नाहीत, एवढंच ऐकून आलो.

म्हणजे भिंत सीडीएमए आणि जीएसएमच्या मधे नव्हतीच. ती कंपनी आणि कंपनीच्या मधे होती. सीडीएमए सेटाला कार्ड लावता येतच नाही, हेही खरं नाही. चीनमध्ये चायना युनिकॉमनं 2002 पासून कार्डावर चालणारं सीडीएमए दिलं होतं. आपल्याकडे बहुतेक सेट बिनकार्डाचे आले, कारण ते तसे मागवले गेले.

ते तसे का मागवले गेले, हे समजायला पेटंटच्या गोष्टीत शिरावं लागतं.

तालाचा मालक

जीएसएमचं काम युरोपात 1982 मध्ये एका समितीपासून सुरू झालं. 1987 मध्ये 13 देशांच्या दूरसंचार चालकांनी करार करून एकच तंत्र लावायचं ठरवलं, आणि 1 जुलै 1991 रोजी फिनलंडमध्ये त्यावर पहिला फोन झाला. त्यात पेटंटं अनेकांची होती. मोटोरोला, एरिक्सन, नोकिया, सीमेन्स, अल्काटेल अशा मोठ्यांनी एकमेकांत अदलाबदल करून घेतली. ज्यांच्याकडे द्यायला पेटंट नव्हतं त्यांना पैसे मोजावे लागले. तरी मालक अनेक असल्यामुळे कोणा एकाच्या हातात दोरी नव्हती.

सीडीएमएचं तसं नव्हतं. 1985 मध्ये अमेरिकेतल्या सॅन डिएगोत आयर्विन जेकब्स, अँड्र्यू व्हिटर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्वालकॉम काढली. 1989 मध्ये त्यांनी चालता फोन दाखवला, 1990 मध्ये मूळ पेटंटांपैकी एक मिळालं, 1993 मध्ये अमेरिकेत हे तंत्र प्रमाण म्हणून स्वीकारलं गेलं. 1995 मध्ये हाँगकाँगला आणि 1996 मध्ये दक्षिण कोरियाला ते व्यवहारात आलं. इथे दोरी जवळजवळ एकाच हातात होती. दर सेटामागे क्वालकॉमला द्यावा लागणारा वाटा साधारण पाच टक्क्यांच्या आसपास, आणि तो चिपच्या किमतीवर नव्हे तर अख्ख्या सेटाच्या घाऊक किमतीवर. पुढं क्वालकॉमनं टॉवरची सामग्री बनवणारा विभाग एरिक्सनला आणि फोनचा विभाग क्योसेराला विकला. हाती ठेवल्या त्या चिपा आणि पेटंटं.

एरिक्सननं 1996 मध्ये क्वालकॉमवर टेक्सासच्या न्यायालयात दावा लावला होता, सीडीएमएमध्ये आपलीही पेटंटं आहेत म्हणून. तो चालू असतानाच तिसऱ्या पिढीची वेळ आली आणि भांडणाला वेगळंच वळण लागलं. जानेवारी 1998 मध्ये युरोपानं आपल्या थ्रीजीसाठी जे तंत्र निवडलं, तेही मुळात सीडीएमएच होतं. नाव वाइडबँड सीडीएमए. विहिरीच्या पाळ्यावालेच दिंडीच्या वाटेला लागले. क्वालकॉमचा पवित्रा असा की आमच्या तंत्राशी जुळवून घेतल्याशिवाय आम्ही परवाना देणार नाही. एरिक्सननंही उलट बाजूनं तीच भूमिका धरली.

या भांडणातला एक आकडा मला फार बोलका वाटतो. सांकेतिक ताल कोणत्या वेगानं वाजवायचा यावर वाद होता. युरोपवाल्यांचा वेग सेकंदाला 40 लाख 96 हजार ठोके, अमेरिकी बाजूचा 36 लाख 86 हजार 400. दुसरा आकडा हा जुन्या सीडीएमएच्या वेगाची बरोबर तिप्पट. तो घेतला तर जुन्या सीडीएमएवाल्यांना पुढं जाणं सोपं होतं, पहिला घेतला तर अवघड. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेनं ताकीद दिली की पेटंटचा वाद मिटला नाही तर सीडीएमएवरचे सगळेच प्रस्ताव बाजूला ठेवू. मग 25 मार्च 1999 रोजी एरिक्सन आणि क्वालकॉम यांनी दावे मागं घेतले, एकमेकांना पेटंटं दिली आणि एका छत्राखाली वेगवेगळे प्रकार राहू द्यायचं मान्य केलं. वाइडबँडचा वेग शेवटी 38 लाख 40 हजारांवर ठरला.

नानांच्या दृष्टीनं या सगळ्याचा अर्थ असा. थ्रीजी आल्यावर जीएसएमच्या बाजूचा फोन घेतला तरी त्यात सीडीएमएची कल्पना आणि तिचा हक्कमोबदला, म्हणजे रॉयल्टी, असणारच होता. ज्या दोन तंत्रांच्या नावानं आपल्याकडे ग्राहक दोन गावकुसांत वाटले गेले, त्यांच्या मालकांनी नानांनी फोन घ्यायच्या कितीतरी वर्षं आधी आपसात समझोता केला होता.

आपल्याकडचा तालुक्याचा कुंपणफोन

भारतात सीडीएमए मोबाईल म्हणून आलंच नाही. ते आलं घरच्या फोनची तार वाचवणारं साधन म्हणून. जानेवारी 2001 मध्ये साध्या टेलिफोनचा परवाना असलेल्यांना तारेऐवजी लहरींवर जोडणी द्यायला आणि तो फोन मर्यादित हद्दीत हिंडवायला परवानगी मिळाली. हद्द साधारण एका तालुक्याएवढी. नियमाप्रमाणे एका तालुक्यातला फोन शेजारच्या तालुक्यात मुका व्हायला हवा. लहरी नदी-नाले ओलांडतात, तालुक्याची शीव त्यांना ठाऊक नसते. हद्द कागदावर आखलेली होती, कारण मोबाईलचा महाग परवाना घेतलेल्या जीएसएम कंपन्यांचं म्हणणं होतं की हे मागच्या दारानं आत शिरणं आहे. वाद दूरसंचार न्यायाधिकरणात गेला, सर्वोच्च न्यायालयात गेला, परत न्यायाधिकरणात आला. ऑगस्ट 2003 मध्ये मर्यादित हिंडण्याला मान्यता मिळाली आणि 11 नोव्हेंबर 2003 रोजी सरकारनं एकत्रित परवाना आणून कुंपणच काढून टाकलं.

जीएसएम कंपन्यांचं गाऱ्हाणं मला निराधार वाटत नाही. ज्यानं जास्त पैसे भरले त्याला कमी भरणाऱ्याशी झुंजावं लागलं, ही बाब साधी नाही. पण स्वस्त बोलणं खेड्यात पोचलं ते या मागच्या दारामुळेच, हेही तितकंच खरं. मराठवाड्यात लँडलाइनसाठी वर्षानुवर्षं वाट पाहिलेली घरं मी पाहिली आहेत. त्यांच्या हातात पहिला फोन पडला तो अनेकदा सीडीएमएचाच.

आता माझा तर्क. तो माझाच आहे, कुठल्या कंपनीनं तसं कबूल केलेलं नाही. हक्कमोबदला अख्ख्या सेटाच्या किमतीवर, आणि सेट बनवणारे थोडे. नोकियानं तर 2006 मध्ये सीडीएमए सेटांतून अंग काढून घ्यायचं जाहीर केलं. त्यामुळे सीडीएमए सेट जीएसएमच्या तशाच सेटापेक्षा महाग पडायचा. तो महाग सेट गरीब गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा तर कंपनीला स्वतःच्या खिशातून किंमत उतरवावी लागायची. घातलेले पैसे वसूल करायचे तर गिऱ्हाईक पळता कामा नये, म्हणून सेट बिनकार्डाचा आणि यादीला बांधलेला. पेटंटनं थेट लॉक केलं नाही, पण लॉक करायला भाग पाडणारा हिशेब पेटंटच्या दरापासून सुरू झाला. जीएसएमचा बाजार आपल्याकडे मोकळा राहिला. सेट एकाचा, कार्ड दुसऱ्याचं, जुना सेट आठवडी बाजारातही विकला जायचा. म्हणून शेजारच्या टोळीला फडात बोलता आलं.

भारतातल्या सीडीएमए कंपन्याही या हिशेबाला कंटाळल्या होत्या. 2006 मध्ये रिलायन्सनं क्वालकॉमकडे दर उतरवायची उघड मागणी लावून धरली, क्वालकॉम बधली नाही. ऑक्टोबर 2007 मध्ये सरकारनं एकाच परवान्यावर दोन्ही तंत्रं वापरायला मुभा दिली आणि 2009 उजाडता उजाडता सीडीएमएवाले स्वतःच जीएसएमकडे वळू लागले. नाना माझ्या काउंटरपुढं उभे होते तेव्हा त्यांच्या सेटाचं तंत्र त्याच्या चालकांनीच सोडायला घेतलं होतं. हे मला तेव्हा ठाऊक असायला हवं होतं. मी महिनाभर आधीपर्यंत तसेच सेट विकत होतो.

आठवडाभरानं नानांनी साधा जीएसएम सेट नेला. मी त्यावर नफा घेतला नाही. जुना नंबर मात्र गेला. 20 जानेवारी 2011 पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता यायला लागली, तेव्हा ते मोठ्या उमेदीनं आले. ट्रॉलीवरचा रंग अजून शाबूत होता. आम्ही तो नंबर लावून पाहिला. रिचार्ज न झाल्यानं तो केव्हाच बंद होऊन दुसऱ्या कोणाला गेला होता. एका बाईनं उचलला. नाना म्हणाले, "चुकून लागला, बाई," आणि फोन ठेवला.

पाच टक्के गेले, सव्वा टक्का आला

2012 मध्ये नाना दोन कार्डांचा भारतीय कंपनीचा फोन घेऊन गेले, एक कार्ड केजचं, एक अथणीचं. मला वाटलं, आता गोष्ट संपली. पण मार्च 2013 मध्ये एरिक्सननं दिल्ली उच्च न्यायालयात मायक्रोमॅक्स या भारतीय फोन कंपनीवर दावा लावला, जीएसएम आणि त्यापुढच्या तंत्रातली आमची पेटंटं तुम्ही पैसे न देता वापरता म्हणून. न्यायालयानं तात्पुरती व्यवस्था म्हणून फोनच्या किमतीवर सव्वा ते दोन टक्के भरायला लावलं. मायक्रोमॅक्स स्पर्धा आयोगाकडे गेली. आयोगानं नोव्हेंबर 2013 च्या आदेशात एक साधा हिशेब मांडला: तीच जीएसएम चिप 100 रुपयांच्या फोनमध्ये असली तर सव्वा रुपया, 1000 रुपयांच्या फोनमध्ये असली तर साडेबारा रुपये. चिप तीच, मग मोबदला कॅमेऱ्यावर आणि पडद्यावर का वाढावा? बारा वर्षं सेट उघडणाऱ्या माणसाला हा प्रश्न अगदी आतून पटतो. पेटंटवाल्यांचं उत्तर असं की जोडणीच नसती तर त्या कॅमेऱ्याला आणि पडद्याला फोन कोण म्हणालं असतं. त्यातही तथ्य आहे. पण 2000 रुपयांच्या सेटावर 25 रुपये एका पेटंटवाल्याचे, तर रांगेतल्या सगळ्यांचे मिळून किती, हे गिऱ्हाइकाला कुठल्याच पावतीवर दिसत नाही.

जुलै 2023 मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं ठरवलं की पेटंट परवान्यांच्या या बाबतीत पेटंट कायदाच चालेल, स्पर्धा आयोगाला चौकशी करता येणार नाही. मार्च 2024 मध्ये त्याच न्यायालयानं लावा कंपनीला एरिक्सनला सुमारे 244 कोटी रुपये भरायचा आदेश दिला. संशोधकाला मोबदला मिळायला हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सेकंदाला 800 वेळा आवाज चढवणारी-उतरवणारी युक्ती ज्यांनी शोधली त्यांचे हात मला बघायला आवडले असते. पण तो मोबदला अशा रीतीनं घेतला जावा की शेवटच्या माणसाच्या सेटाला कुलूप घालायचं कारण कोणाला उरू नये, आणि हे बघायला आपल्याकडे एखादं तरी दार उघडं हवं.

त्या टोळीतलं, बाप वारलेलं ते पोरगं नानांनंतर काही महिन्यांनी माझ्याकडे आलं होतं. 2009 च्या दसऱ्याला हंगामाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळाली त्याच दिवशी, बायकोला घेऊन. साधा टॉर्चवाला सेट पसंत केला. किंमत विचारली नाही, रंगही पाहिला नाही. मी कार्ड बसवून दिलं. त्यानं सेट बंद केला, बॅटरी काढली, कार्ड स्वतःच्या नखानं बाहेर काढलं, पुन्हा बसवलं आणि चालू करून रेंज येते का पाहिलं. मग पुन्हा काढलं. तीनदा तसं करून झाल्यावर त्यानं पैसे मोजले.